पिशवीवाली

डॉक्टर हरीशच्या दवाखान्यात पेशंट आधी तपासायचा तो प्रमोद कंपाउंडर, आणि तोही ओसरीवर, तीस माणसांच्या देखत. दाराशी टेबल टाकून तो नावं लिहायचा आणि विचारायचा, "काय होतंय?" कुणी हळू सांगितलं की कानामागं हात धरून म्हणायचा, "मोठ्यानं बोला. हितं काय गुपितं सांगाया आलात?" ओसरी हसायची. हसणाऱ्यांत कुणाला मूळव्याध असायची, कुणाला जांघेत खरूज, पण आपला नंबर येईस्तोवर दुसऱ्यावर हसून घ्यावं हा माणसाचा स्वभावच आहे.

शकुबाई सात महिने या टेबलाशी एकच शब्द सांगत आली होती. "कंबर."

कंबर दुखत होती, ते काही खोटं नव्हतं. पण खरी तकलीफ वेगळीच होती. हळदीचं घमेलं डोक्यावर घेऊन दहा पावलं टाकली की खालून काहीतरी सरकत यायचं. मोरीत बसली की हाताला लागायचं. रात्री आडवी पडली की आत जायचं आणि सकाळी पहिल्या ओझ्याला पुन्हा बाहेर. पन्नाशी गाठली तरी असलं दुखणं कुणाला, कोणत्या तोंडानं सांगावं हे तिला कळलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सुनेला सांगितलं नव्हतं. प्रमोदच्या टेबलाशी तर मेली तरी सांगितलं नसतं.

आत डॉक्टर हरीश मान वर करत नसे. खाली बघून लिहायचा, खाली बघूनच इंजेक्शन भरायचा, आणि सुई टोचतानाही त्याची नजर पुढच्या चिठ्ठीवर असायची. त्याच्या डोक्याच्या मधलं टक्कल शकुबाईला तोंडपाठ झालं होतं. डोळे कसे आहेत ते सात महिन्यांत एकदाही दिसले नव्हते.

त्या बाजारच्या दिवशी मात्र तिच्यानं राहवलं नाही. आदल्या दिवशी खळ्यावर लुगड्याला रक्त लागलं होतं. ती टेबलावर वाकली आणि टकलाला कुजबुजली, "सायेब, कंबर न्हाई. अंग बाहेर यिऊन राहिलंय."

टक्कल हललं नाही. "किती दिवस?"

"साल झालं आसंल."

"मग आत्ता सुचलं? गर्भाची पिशवी काढून टाक. या वयात ठेवून काय करायचीय? आतल्या आत सडते, मग कॅन्सर होतो, मग रडत येता." आणि दाराकडं तोंड करून त्यानं हाळी दिली, "प्रमोद! ही एक पिशवीवाली. येत्या मंगळवारच्या गाडीत नाव घे."

प्रमोदनं तेच ओसरीवर पुन्हा म्हटलं, कारण त्याला प्रत्येक गोष्ट पुन्हा म्हणायची सवय होती. "पिशवीवाली! नाव?"

बाकावर सोनाजी मुकादमाची बायको पंचफुला गुडघ्याच्या इंजेक्शनला बसली होती. एकाच गावची, एकाच टोळीतली. तिनं पदर तोंडाला लावला, पण डोळे काही झाकले नाहीत. शकुबाई तिच्यापुढून नाव सांगून बाहेर पडली तेव्हा तिला वाटलं, आपण इतक्या लोकांत उघड्या झालो. इतका राग तिला जन्मात कुणाचा आला नव्हता, आणि तो काढायला जागाही नव्हती.

एसटी गावात पोचायच्या आधी बातमी पोचली.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर हळद शिजत होती. चाकांवरचा चार टाक्यांचा कुकर फुसफुसत होता, वाफ नाकाला झोंबत होती. शिजलेली हळद घमेल्यात भरायची, डोक्यावर चुंबळ ठेवून घमेलं उचलायचं आणि चाळीस पावलांवरच्या ताडपत्रीवर नेऊन पसरायची. भरलेलं घमेलं एकटीच्यानं डोक्यावर जात नाही. दुसरीनं हात लावावा लागतो. टोळीत भांडण असो, सुतक असो, हात लावायला कुणी नाही म्हणत नाही. ही रीतच आहे.

शकुबाईनं घमेलं भरलं आणि म्हटलं, "पंचफुले, हात लाव गं."

पंचफुला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आतापर्यंत ती शकुबाईला आक्का म्हणायची. आज म्हणाली, "नगं माय. पिशवीवालीला हात लावला अन् तिची पिशवी हितंच खळ्यात पडली तं मालक मलाच बोलंल."

बायका हसल्या. वाफेमुळं कोण कोण हसलं ते दिसलं नाही, पण बऱ्याच हसल्या. शकुबाईनं घमेलं आधी गुडघ्यावर, मग पोटावर टेकवलं आणि दात खाऊन एकटीनं डोक्यावर चढवलं. पोटात कळ गेली. खालून सरकून बाहेर आलेलं तिला स्पष्ट कळलं, आणि ती तशीच, मांड्या आवळून, चाळीस पावलं चालली.

सोनाजी ताडपत्रीच्या कडेला दात कोरत बसला होता. "ह्ये आसं लंगडत चालायचं आसंल तं घरी बसा," तो म्हणाला. "टोळी म्हंजी काय दवाखाना हाय व्हय?"

घरी नवऱ्याचं वेगळंच. मुंजाजीला चहाच्या हॉटेलात कुणीतरी ‘मंगळवारी गाडी ना?’ असं विचारलं होतं. तो ताटावर बसला तोच फणफणत. "गावात तोंड दाखवाया जागा ठेवली न्हाई. घरात सांगता येत नव्हतं? आधी डागदराला, मंग साऱ्या बाजाराला, अन् मला शेवटी?"

"तुमाला काय सांगू? तुमी काय करनार व्हता?"

"मंगळवारी जायचं. डागदर म्हंतो काढा म्हंजी काढायची. तो काय येडा हाय?"

"मी न्हाई जानार."

"काहून?"

काहून ते तिला माहीत होतं. गावात मंगळवारच्या गाडीनं जाऊन पिशवी काढून आलेल्या अकरा बाया होत्या. अकराही तिनं जाताना पाहिल्या होत्या आणि आल्यावरही पाहिल्या होत्या. एकीला पांढरं जातंय म्हणून नेलं, एकीला पाळीत पोट दुखतंय म्हणून. सगळ्यांना तेच सांगितलं, सडेल आणि कॅन्सर होईल. आल्या त्या पहिल्यासारख्या उभ्या राहिल्या नाहीत. भर थंडीत घाम फुटायचा, गुडघे धरून उठायच्या, विनाकारण चिडायच्या. पंचफुला त्यातली सगळ्यात लहान. अठ्ठावीस वर्षांची असताना गेली होती. आज छत्तिशीत ती शकुबाईपेक्षा म्हातारी चालायची. पण हे मुंजाजीला सांगून उपयोग नव्हता. बायकांच्या गुडघ्यांकडं त्याचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

सून कोमल भाकरी थापत होती. सासरा उठून गेल्यावर ती म्हणाली, "आत्याबाई, फोनवर डागदरीण आसती. सरकारीच हाय. पलीकडच्या संध्यानं लेकराच्या अंगावरचे फोड दाखवले व्हते. दोन रोजात गेले."

"अन् मी काय दाखवू फोनमधी? कपाळ?"

"काई दाखवू नगा. सांगा नुस्तं. बाईच आसती. तितं ना प्रमोद ना ओसरी."

शकुबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. तिचा फोनवर काडीचा भरवसा नव्हता. नाडी न धरता कसली डॉक्टरी? पण मग तिलाच आठवलं, सात महिन्यांत नाडी तर डॉक्टर हरीशनंही धरली नव्हती.

गावात फोनला रेंज फक्त खळ्याच्या टेकाडावर. नंबर लागला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. बाया झाडाखाली डबे सोडून बसल्या होत्या. शकुबाई आणि कोमल कुकरच्या मागं, रिकाम्या टाकीच्या आडोशाला बसल्या. कोमलनं फोन टाकीला टेकवून उभा केला. पडद्यावर तिशीची एक बाई आली. चष्मा, मागं पांढरी भिंत, अंगावर साधा पंजाबी ड्रेस.

"नमस्कार ताई. नाव सांगा. वय? काय त्रास आहे?"

सवयीनं शकुबाईच्या तोंडून आलं, "कंबर."

"बरं. जरा पुढं या, उजेडात. अशा." बाईनं चष्मा वर सरकवला आणि चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आणला. "तुमचे हात बघू. दोन्ही. उलटे करा. नखं दाखवा." तिचा आवाज बदलला. "ताई, भूक लागते का? उलट्या होतात? लघवीचा रंग कसा आहे? खालची पापणी ओढून डोळा दाखवा बरं. मला कावीळ वाटतेय. खूप वाढलेली वाटतेय."

कोमलनं तोंडात पदर कोंबला. शकुबाईलाही हसू आवरेना. "बाई, कावीळ न्हाई वं. हळद हाय ती! मयनाभर हळदीत हाय मी. धुऊन जातच न्हाई. आमच्याकडं या दिसांत भाकरी बी पिवळी आसती."

पडद्यावरची बाई आधी ओशाळली आणि मग मोकळेपणानं हसली. "माफ करा हं. मी इकडची नाही, मला कळलंच नाही."

आणि हसता हसता शकुबाईच्या डोळ्यांत एकाएकी पाणी आलं. सात महिने ती त्या टकलापुढं याच हातांनी चिठ्ठी धरून उभी राहिली होती. कुणी म्हटलं नव्हतं, हात बघू. ही कुठली कोण, कुठं बसलेली, पण हिनं पाहिलं. चुकीचं का होईना, पाहिलं! लोक म्हणतात, बायका फोनच्या नादाला लागल्या, त्यांना घरबसल्या फुकट पाहिजे. म्हणू देत. शकुबाई फोनकडं वळली ती या एवढ्याशा चुकीमुळं, हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं.

"बाई," ती म्हणाली, "कंबर न्हाई. अंग बाहेर येतंय."

बाई जराही दचकली नाही. किती बाहेर, कधी येतं, कधी आत जातं, बाळंतपणं किती, ओझं किती उचलता, रक्त कधी गेलं, असं एकेक विचारत गेली आणि उत्तर येईस्तोवर थांबत गेली. शेवटी म्हणाली, "ताई, ओझं उचलणाऱ्या खूप बायकांना होतं हे. लाजायचं काही नाही. पण मला इथून आतलं दिसत नाही. रक्त गेलंय, म्हणून कुणीतरी हातानं तपासायलाच हवं. हिंगोलीला सरकारी दवाखान्यात जा, बायकांच्या डॉक्टरकडं. मी चिठ्ठी पाठवते. बहुतेक आत रिंग बसवतील, पिशवी वर धरून ठेवणारी. तपासल्याशिवाय पिशवी काढायला हो म्हणू नका. असं झालं की काढावीच लागते, असं नसतं."

"काढावी लागत न्हाई?"

"प्रत्येकीला नाही."

शकुबाईनं सहज खाली पाहिलं. टाकीच्या खालून पलीकडं दोन पावलं दिसत होती. पिवळी, टाचा भेगाळलेल्या, उजव्या पायात काळा दोरा. पंचफुलाची. पाणी न्यायला आली असावी, पण पावलं हलत नव्हती. मग पावलं वळली आणि फरफटत निघून गेली.

सोमवारी शकुबाई आणि कोमल एसटीनं हिंगोलीला गेल्या. तिथंही रांग होती, तिथंही एक नर्स ‘सरका, सरका’ म्हणून खेकसत होती, त्यामुळं देवळात आल्यासारखं काही वाटलं नाही. पण पडदा होता. पडद्याआड एका बाई डॉक्टरनं तपासलं, जखमेचं औषध दिलं, तपासणीला नमुना घेतला आणि रिंग बसवली. "ओझं बंद," ती म्हणाली. शकुबाई दवाखान्याच्या पायऱ्या उतरली आणि शेवटच्या पायरीवर थबकली. काहीच सरकलं नव्हतं. ती पुन्हा चार पायऱ्या चढली आणि पुन्हा उतरली. कोमल बघतच राहिली.

मंगळवारी सकाळी जीप दारात आली. पुढं प्रमोद. मागं दोन परगावच्या बाया, पदर नाकापर्यंत ओढलेल्या, मांडीवर गाठोडी. मुंजाजीनं बायकोची कपड्यांची पिशवी भरून ओट्यावर आणून ठेवली होती. हिंगोलीचं त्याला सांगितलं होतं, पण त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. फोनवर बघून डॉक्टरी करणारी बाई आणि वीस वर्षं दवाखाना चालवणारा माणूस, यात त्याच्या लेखी तुलनाच नव्हती.

"चला, पिशवीवाल्या!" प्रमोदनं हाळी दिली. "उशीर होऊन राहिला."

शेजारपाजार गोळा झाला. सोनाजीच्या दारात पंचफुला खराटा धरून उभी होती.

शकुबाई ओट्यावर आली. "प्रमोद, मोठ्यानं सांगू का? तूच म्हंतूस ना, मोठ्यानं बोला?"

"काय?"

"माझं अंग बाहेर येत व्हतं." ती सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी बोलली. "साल झालं येत व्हतं. आता आत हाय. हिंगोलीला बाईनं हात लावून तपासलं. तुझ्या सायबानं सात मयन्यांत मान वर केली न्हाई, अन् त्याला मपली पिशवी पायजे? ती मपली हाय. मी देत न्हाई."

मुंजाजी तोंडातल्या तोंडात शिवी देऊन घरात गेला. प्रमोदचा चेहरा काळा पडला. जीप भरून नेणं हे त्याचं काम होतं, आणि जीपमध्ये एक जागा रिकामी दिसत होती. "फोनवरच्या डागदराकडंच मर मंग!" तो ओरडला. "उद्या साप चावला तं फोनमधून इंजेक्शन दिऊन राहिली का ती? तवा यशील आमच्याच पाया पडाया."

"यीन. साप चावला तं यीन," शकुबाई म्हणाली. "अन् तवा बी मोठ्यानंच सांगीन."

मागच्या दोन बायांनी पदराआडून एकमेकींकडं पाहिलं. शकुबाईला वाटलं, उतरतील. त्या उतरल्या नाहीत. त्यांना उतरवून घ्यायला त्यांच्या गावचं कुणी नव्हतं, आणि परक्या गावात उतरून त्या जाणार कुठं? जीप धुरळा उडवत गेली.

त्यानंतर घरात मुंजाजीनं बोलणं टाकलं. जेवायचा, ताट सरकवायचा, उठायचा. हिंगोलीच्या नमुन्यात काही वाईट निघालं नाही, हे कोमलनं मोठ्यानं सांगितलं तेव्हाही त्यानं फक्त बिडी पेटवली. टोळीत सोनाजीनं शकुबाईला घमेल्यावरून काढून हळदीचा गड्डा आणि हळकुंड वेगळं निवडायला बसवलं, म्हाताऱ्यांच्या रांगेत. आणि पंचफुलानं तिला नवं नाव दिलं, फोनवाली. "फोनवाले, आमचं घमेलं बी फोनवरून उचल की!" दिवसातून चार वेळा. सगळ्यात विषारी तीच बोलायची. बाकीच्या बाया मात्र हळूहळू हसायच्या बंद झाल्या. एकेक जण दुपारी कोमलजवळ येऊन बसायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि मग विचारायची, "ती बाई कवा आसती गं?"

बाईनं पंधरा दिवसांनी याच वेळी पुन्हा बोलायला सांगितलं होतं. त्या दुपारी शकुबाई आणि कोमल पुन्हा टाकीमागं बसल्या. बाईनं विचारपूस केली, रिंगचं विचारलं, हात बघून हसली. "हळदच ना?"

"हळदच वं."

तेवढ्यात टाकीला वळसा घालून पंचफुला आली. डोक्याला चुंबळ तशीच, घामानं केस चिकटलेले. ती कोमलला ढकलून फोनसमोर उकिडवी बसायला गेली, गुडघा वाजला, तशी जमिनीवर फतकल मारून बसली. शकुबाईला वाटलं, आता ही इथंही तमाशा करणार. "काय गं?" ती तडकून म्हणाली. "हितं बी आलीस व्हय?"

पंचफुलानं तिच्याकडं पाहिलंच नाही. ती फोनशी बोलली.

"बाई, मपली आठ साल झाले काढली. तुमी हिला म्हन्लं, परतेकीला काढावी लागत न्हाई. मी आईकलंय, खोटं बोलू नगा. मंग मपली काहून काढली, तेवढं सांगा."

पडद्यावरच्या बाईनं विचारलं, "तेव्हा त्रास काय होता ताई?"

"पांढरं जात व्हतं."

"वय?"

"आठ्ठावीस."

"सोनोग्राफी, तपासणी काही? कागद आहेत?"

"कागद त्यानंच ठेवले. मला एक पोरगी हाय. पोरगं पायजे व्हतं. तो म्हन्ला सडंल, कॅन्सर हुईल. नवरा म्हन्ला काढ." तिचा श्वास लागला होता. "काढायला पायजे व्हती का नव्हती? व्हय का न्हाई, एवढंच सांगा."

बाई तिच्याकडं बघत राहिली. कोमलला वाटलं रेंज गेली, तिनं फोन हलवला. रेंज होती. बाईच्या मागं भिंतीवर पंख्याची सावली फिरत होती. "ताई, कागद बघितल्याशिवाय मला..." एवढं म्हणून बाई थांबली, आणि तिनं मान खाली घातली.

पंचफुला त्या खाली घातलेल्या मानेकडं, मधल्या सरळ भांगाकडं बराच वेळ पाहत राहिली.

"हिनं बी खालीच पाह्यलं की गं," ती म्हणाली.

शकुबाईला तिला धरावंसं वाटलं. इतक्या दिवसांचा सगळा राग कुठं गेला ते तिला कळलं नाही. फोनमधून ‘ताई, ऐका, तुमच्या गुडघ्यांसाठी आपण...’ असं काहीतरी येत होतं, पण पंचफुला टाकीला धरून उठली होती. झाडाखालच्या बाया उठून कामाला लागल्या होत्या. सोनाजीनं शिटी मारली. पंचफुला कुकरजवळ गेली, वाफाळती हळद घमेल्यात भरली, काठोकाठ भरली आणि इकडंतिकडं पाहिलं. हात लावायला जवळ कुणी नव्हतं.

शकुबाई टाकीमागून उठून लगबगीनं तिच्याकडं गेली आणि घमेल्याच्या काठाला दोन्ही हात लावले.

पंचफुलानं ते हात झटकून टाकले. "तू उचलू नगं आक्का," ती म्हणाली. "तुझी हाय अजून."

आणि गुडघ्यावर, मग रिकाम्या पोटावर टेकवत तिनं ते घमेलं एकटीनं डोक्यावर चढवलं.